मोटार बसली, पण हवा कुठे गेली?

माळेगाव बुद्रुक हे नाव सांगितले की भिवंडी किंवा सुरतेचा व्यापारी हमखास विचारतो, "लूम किती चालवता?" त्याच्या डोळ्यांसमोर नाशिक जिल्ह्यातले मालेगाव असते. उर्दूत 'ळ' नाही, त्यामुळे शाळेपासून मीही दोन्ही गावांची नावे एकाच हिज्जेत लिहीत आलो. आमचे माळेगाव बारामती तालुक्यातले, नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर वाढलेल्या उसाचे आणि सहकारी साखर कारखान्याचे. येथे लूम नाहीत. माझा धंदा कापडाचा. दुकानामागे पत्र्याच्या शेडमध्ये गादी-रजईचा छोटा कारखाना आहे, त्यात कापूस पिंजण्याची दोन यंत्रे आणि पाच माणसे. गाळपाच्या हंगामात ऊसतोड कामगारांच्या टोळ्या येतात, थंडी पडते आणि रजयांची मागणी वाढते. पुढे लग्नसराईत गाद्या जातात. फोमच्या गाद्यांनी धंदा निम्म्यावर आणला, तरी जुनी गादी उसवून, कापूस पिंजून पुन्हा भरून घेणारी गिऱ्हाइके अजून आहेत.

ही जुनी गादीच खरी धुळीची खाण. नव्या कापसात पाचोळा आणि सरकीचा चुरा असतो, पण दहा वर्षे वापरलेल्या गादीतून जे निघते त्याची कल्पना यंत्राजवळ उभे राहिल्याशिवाय येत नाही. म्हणून काही वर्षांपूर्वी आम्ही धूळ ओढणारे यंत्र बसवले. रचना साधी आहे. तीन हॉर्सपॉवरची मोटार, तिच्या शाफ्टवर थेट बसवलेले पंख्याचे चाक, पत्र्याचे पाइप आणि शेवटी कापडी पिशव्या. गेल्या हंगामात ही मोटार जळाली. ती बदलताना जे घडले ते लिहितो. सुतारकामाचे कारखाने, पिठाच्या गिरण्या, मसाल्याचे कांडप, पॉवरलूमचे शेड, जिथे जिथे असा पंखा चालतो तिथल्या बांधवांना त्याचा उपयोग होईल.

आधी मोटार का जळाली ते पाहू. आमच्याकडे सर्वांचे एकच मत होते, पिशव्या तुंबल्या, पंख्यावर जोर आला आणि मोटार गेली. मलाही ते पटले होते. पण असा पंखा हवा मध्यातून घेऊन कडेने फेकतो, त्याचा हिशेब उलटा आहे. तोंड बंद केले किंवा पिशवी तुंबली तर हवा कमी वाहते आणि मोटारीवरचा भार उतरतो. पाइप काढून तोंड मोकळे सोडले तर हवा भरपूर वाहते आणि भार चढतो. घरातल्या झाडू मारणाऱ्या व्हॅक्यूम यंत्राच्या तोंडावर हात ठेवला तर त्याचा आवाज बारीक होऊन चढतो, तेही मोटारीवरचा भार उतरल्यामुळेच.

आमच्याकडे एका यंत्राचा पाइप सांध्यातून निखळला होता आणि पोरांनी तो तसाच सोडला होता. मोकळ्या तोंडामुळे मोटार जास्त करंट घेऊ लागली आणि स्टार्टरमधला ओव्हरलोड रिले वारंवार पडू लागला. काम अडते म्हणून कोणीतरी रिलेचा काटा फिरवून वर नेऊन ठेवला. पाइप जोडायला दहा मिनिटे लागली असती, काटा फिरवायला दहा सेकंद लागली. त्यानंतर एका संध्याकाळी तीनपैकी एक फेज गेला. चालू असलेली थ्री-फेज मोटार अशा वेळी थांबत नाही, उरलेल्या दोन फेजवर ओढत राहते आणि त्या तारांतला करंट पावणेदोन पटीच्या आसपास जातो. रिले जागेवर असता तर तो पडला असता. वर नेलेला रिले बघत राहिला. शिवाय मोटारीच्या अंगावरच्या पट्ट्यांत कापसाची लव बसून तिची रजई झाली होती. उष्णता जाणार कुठे? वास आला तेव्हा वाइंडिंग काळे पडले होते.

ऊसपट्ट्यात हा रोग सर्वांना ठाऊक आहे. विहिरीवरच्या मोटारी याच कारणाने जळतात, म्हणून आमच्या भागात प्रत्येक बाजारगावी रिवाइंडिंगची दुकाने आहेत. फेज गेला की पुरवठा तोडणारे सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर नावाचे छोटे यंत्र शेतकरी बसवतात. मी बसवले नव्हते. कापडवाल्याच्या डोक्यात मोटार म्हणजे बटण दाबले की फिरणारी वस्तू, एवढेच.

हंगाम तोंडावर होता. रिवाइंडिंगला चार दिवस लागतील असे कळले, तेव्हा ओळखीच्या वायरमनने त्याच दिवशी नवी मोटार आणून दिली. जुनीच्या पायांची भोके आणि नवीच्या पायांची भोके तंतोतंत जुळली. शाफ्टही तोच, चोवीस मिलिमीटर. पंख्याचे चाक सहज बसले. बटण दाबले, आवाज पूर्वीपेक्षा कमी. टाँग टेस्टर लावून करंट पाहिला, तो पूर्वीच्या निम्माही नाही. "भाई, भोकाला भोक बसलं, मोटार गार आहे, बिल कमी येईल, आणखी काय पाहिजे?" वायरमन म्हणाला. मी खूश होऊन पैसे दिले.

आमच्याकडे पिंजणावर एक वयस्कर कारागीर आहेत, सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांच्या वडिलांनी कमानीच्या पिंजणावर, तातीवर लाकडी ठोकळा मारत गावोगाव कापूस पिंजला. नद्दाफ हा शब्द अरबीतून आला, त्याचा अर्थच कापूस पिंजणारा. हल्लाजचा अर्थही जवळपास तोच. पिंजारी, नदाफ, मन्सुरी अशा नावांनी महाराष्ट्रभर पसरलेल्या आपल्या या बिरादरीचे निम्मे आयुष्य या धुळीत गेले आहे. दोन दिवसांनी चाचा मला म्हणाले, "भाई, पाइप धरत नाही." मी म्हणालो, "चाचा, नवी मोटार आहे, सवय होईल." त्यांनी काही न बोलता कापसाचा एक पुंजका पाइपच्या तोंडाशी धरला आणि सोडला. पूर्वी पुंजका हातातून हिसकावला जायचा. आता तो खाली पडला.

तरीही मी आठ-दहा दिवस काढले, हे कबूल केले पाहिजे. ऑर्डरी होत्या. या दिवसांत चाचांचा खोकला वाढला. आमची सुट्टी शुक्रवारी असते. शुक्रवारी ते बरे असायचे आणि शनिवारी सकाळी कामावर आले की तासा-दोन तासांत छाती आवळल्यासारखी व्हायची.

हे शनिवारचे लक्षण ऐकून बारामतीच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो कामाबद्दल. कापसाच्या धुळीने होणाऱ्या फुप्फुसाच्या विकाराला बिसिनोसिस म्हणतात. सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती आवळणे ही त्याची ओळखीची खूण. इंग्लंडच्या गिरण्यांना रविवारी सुट्टी असे, म्हणून पुस्तकांत तो सोमवारचा त्रास म्हणून येतो. आमच्याकडे तो शनिवारी येणार, एवढाच फरक. सुरुवातीला माणूस धुळीतून बाहेर काढला तर त्रास उतरतो, पण वर्षानुवर्षे तसेच चालले तर फुप्फुसाची ताकद कायमची जाते. अठराव्या शतकाच्या आरंभी इटलीतल्या रामाझिनी या वैद्याने अंबाडीसारखे तंतू पिंजणाऱ्यांचा खोकला आणि दमा लिहून ठेवला होता. मुंबईत केईएम रुग्णालयाचे डॉ. एस. आर. कामत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गिरणी कामगारांची पाच वर्षे तपासणी करून बिसिनोसिस आणि दम्याचे इतर जुनाट विकार यांत फरक कसा करावा यावर १९८१ मध्ये निबंध प्रसिद्ध केला. आपल्या १९४८ च्या कारखाने कायद्यात सरकारला कळवण्याच्या रोगांच्या यादीत बिसिनोसिस होता. अमेरिकेने १९७८ मध्ये कापसाच्या धुळीसाठी वेगळे नियम केले आणि सूत काढण्याच्या विभागात एक घनमीटर हवेत ०.२ मिलिग्रॅमपेक्षा जास्त धूळ नको अशी मर्यादा घातली. आपल्या पत्र्याच्या शेडमध्ये असे मोजमाप करायला कोणी येत नाही. पुंजका खाली पडतो की ओढला जातो, एवढेच आपले यंत्र.

चाचांना डॉक्टरांनी धुळीपासून दूर राहायला सांगितले. मी त्यांना शिलाईच्या बाजूला बसवले, मजुरी तीच ठेवली. मग जळालेली मोटार आणि नवी मोटार शेजारी ठेवून दोन्हींच्या अंगावरची पाटी वाचायला बसलो. हे काम मोटार विकत घेण्यापूर्वी करायचे असते.

जुन्या पाटीवर होते ३ हॉर्सपॉवर, २.२ किलोवॅट, ४१५ व्होल्ट, ५० सायकल, मिनिटाला २८८० फेरे, फ्रेम ९० एल. नव्या पाटीवर २ हॉर्सपॉवर, १.५ किलोवॅट, व्होल्ट आणि सायकल तेच, १४४० फेरे आणि फ्रेम पुन्हा ९० एल. घोटाळा इथे होता. फ्रेम म्हणजे मोटारीच्या सांगाड्याचे माप, ९० म्हणजे पायापासून शाफ्टच्या मध्यापर्यंत ९० मिलिमीटर उंची. एकाच सांगाड्यात दोन पोलची वेगवान मोटारही येते आणि चार पोलची मंद मोटारही. भोके, उंची, शाफ्ट सगळे सारखे, फक्त वेग निम्मा. वायरमनचा दोष म्हणाल तर एवढाच की त्याने भोके पाहिली. मी तर भोकेही पाहिली नव्हती.

वेग निम्मा झाला तर हवा निम्मी होईल, असे कोणालाही वाटेल. हवा निम्मीच होते. पण ओढण्याची ताकद, म्हणजे दाब, निम्म्याचा निम्मा, चौथाई होतो. आणि पंख्याला लागणारी शक्ती आठवा हिस्सा उरते. म्हणूनच मोटार गार होती, करंट कमी होता, आवाज नव्हता. ज्या गोष्टी पाहून मी खूश झालो त्याच काम न होण्याच्या खुणा होत्या. लांब पाइपातून कापसाची लव वाहून नेण्यासाठी हवेला ठरावीक वेग लागतो. तो मिळाला नाही की लव पाइपच्या तळाशी बसते आणि वाट आणखी अरुंद होते. पाइप उघडला तेव्हा वळणावर हातभर थर निघाला.

हा हिशेब खरा की खोटा ते पाहण्यासाठी मी एक उद्योग केला. पारदर्शक प्लॅस्टिकची नळी इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवून फळीला बांधली, त्यात रंगीत पाणी भरले आणि एक टोक पंख्याजवळच्या पाइपला बारीक भोक पाडून लावले. पंखा ओढू लागला की एका बाजूचे पाणी वर चढते, दुसऱ्या बाजूचे उतरते. दोन्हीतला फरक मंद मोटारीवर चार सेंटीमीटरच्या आसपास आला. हिशेबाने २८८० फेऱ्यांवर तो सोळाच्या आसपास यायला हवा. वीस रुपयांची नळी आहे, पण त्या दिवसापासून 'पंखा नीट चालतोय का' या प्रश्नाला आमच्याकडे आकड्यात उत्तर मिळते.

जाता जाता एक गोष्ट सांगतो. परदेशी यंत्राच्या कागदावर ३४५० फेरे लिहिलेले असतील तर ते अमेरिकेच्या ६० सायकलच्या विजेवरचे. आपल्या ५० सायकलवर तीच दोन पोलची मोटार २८५० ते २९०० च्या आत फिरते, आणि कागदावरची हवा तुम्हाला मिळणार नाही. जुनी आयात यंत्रे घेणाऱ्या सुतार बांधवांनी हे ध्यानात ठेवावे.

मग योग्य मोटार आणली. पाटी वाचून, लिहून नेऊन. अंग पूर्ण बंद आणि बाहेरच्या पंख्याने थंड होणारी घेतली, पाटीवर आयपी ५५ लिहिलेली, म्हणजे धूळ आणि पाण्याचा फवारा आत जाऊन बिघाड करणार नाही. उघड्या जाळीची मोटार कापसाजवळ नको, लव आत जाते आणि एक ठिणगी पुरते. दुकानदाराने दोन दर्जे दाखवले, आयई २ आणि आयई ३. या मापात पहिलीची कार्यक्षमता ८३.२ टक्के आणि दुसरीची ८५.९ टक्के. रोज आठ तास, वर्षाला तीनशे दिवस पूर्ण भाराने चालवली तर दोन्हींत सुमारे दोनशे युनिटांचा फरक पडतो. आपल्या बिलावरचा युनिटचा दर घेऊन गुणाकार करावा आणि किमतीतल्या फरकाशी ताडून पाहावा. मी आयई ३ घेतली. कारखाना तीन महिनेच चालत असता तर कदाचित घेतली नसती.

पंख्याचे चाक काढताना हातोडी वापरू दिली नाही. शाफ्टवर हातोडी बसली की बेअरिंगला खड्डा पडतो आणि सहा महिन्यांनी मोटार ओरडू लागते, हे रिवाइंडिंगवाल्याने आधीच बजावले होते. तीन पायांचा पुलर लावून, चावीच्या खाचेत तेल सोडून, रात्रभर ठेवून सकाळी काढले. चाकाच्या पात्यांवर एका बाजूला चिकट मळ जमला होता. तो खरवडला. एका बाजूने जड झालेले चाक २८८० फेऱ्यांवर थरथरते आणि बेअरिंग खाते. जुन्या गादीतून आलेली एक सुईही पात्यात अडकलेली सापडली. आता पिंजणाच्या तोंडाशी लोहचुंबक लावले आहे. सुया आणि पिना त्याला चिकटतात, पितळेचे बटण मात्र चिकटत नाही, त्याला डोळेच हवेत.

नवी मोटार बसली, बटण दाबले, आवाज जोरदार. सगळ्यांचे चेहरे उजळले. मी नळीकडे पाहिले तर पाणी सातावर अडकलेले. वायरमन म्हणाला, "हवा येतेय की, भाई." हवा येत होती, हे खरे. पण चाक उलटे फिरत होते. या जातीचा पंखा उलटा फिरला तरी हवा त्याच बाजूने घेतो आणि त्याच बाजूने सोडतो, फक्त पुरेशी नाही. छताचा पंखा उलटा फिरला तर वारा लागत नाही, लगेच कळते. हा पंखा फसवतो. किती कारखान्यांत वर्षानुवर्षे उलटे पंखे चालत असतील, अल्लाह जाणे. थ्री-फेज मोटारीत कोणत्याही दोन तारांची अदलाबदल केली की फिरण्याची दिशा बदलते. सिंगल-फेज असेल तर स्टार्टिंग वाइंडिंगची दोन टोके बदलावी लागतात. मेन स्विच पाडून, फ्यूज काढून खिशात घालून, दोन तारा बदलल्या. पाणी सोळाला थोडे कमी एवढे चढले. पाइपला पुंजका लावला तो 'फट्' करून गेला.

चाक शाफ्टला आट्यांच्या नटने धरलेले असेल तर उलट्या फेऱ्यात तो नट सैल होण्याचीही भीती असते. म्हणून मोटार जोडली की क्षणभर चालू करून बंद करावी आणि चाक थांबताना कोणत्या बाजूला फिरते ते पाहावे. आमच्या पंख्याच्या घरावर आता लाल रंगाने बाण काढला आहे.

पिशव्यांबद्दल मात्र मला कोणाला विचारावे लागले नाही, तो माझा प्रांत. पूर्वी आम्ही जाड ड्रिलच्या पिशव्या लावल्या होत्या. विणलेल्या कापडात ताण्याबाण्याच्या मध्ये भोक राहतेच, आणि छातीत जाणारी बारीक धूळ तिथूनच सुटते. विणलेली पिशवी खरे काम करते ती आतून धुळीचा पातळ थर बसल्यावर. त्यामुळे नवी किंवा स्वच्छ धुतलेली पिशवी पहिला दिवसभर धूळ सोडत राहते. पोरे दर आठवड्याला पिशव्या धुवून काढत आणि मी त्यांना शाबासकी देत असे! आता सुयांनी गुंतवलेल्या फेल्टच्या पिशव्या शिवून घेतल्या, त्या धूळ अंगभर धरतात. धुण्याऐवजी पंखा बंद करून झटकतो. आणि मुख्य म्हणजे पिशव्या शेडच्या बाहेर, वेगळ्या पत्र्याखाली नेल्या. आत असताना पिशवीतून गाळून आलेली हवा पुन्हा त्याच माणसांच्या नाकात जात होती.

रिले पाटीवरच्या करंटला लावून त्याच्या डब्याला कुलूप घातले आहे, चावी माझ्या गल्ल्यात. सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर बसवला. पाटीवरचा सगळा मजकूर मी उधारीच्या वहीच्या पहिल्या पानावर उर्दूत आणि मराठीत उतरवून ठेवला आहे, कारण पाटीवर लव बसते आणि अक्षरे पुसतात. दोन हॉर्सपॉवरची मंद मोटार दुकानदाराने परत घेतली नाही. ती आता नव्या कापसाच्या झटकणीला पट्ट्यावर लावली आहे, तिथे वेग कमीच लागतो.

चाचा अजून शिलाईकडेच बसतात. शनिवारचा त्रास कमी आहे, गेला आहे असे डॉक्टर म्हणत नाहीत. दर तीन महिन्यांनी फुंकून पाहण्याची तपासणी असते, खर्च कारखान्याचा. मात्र रोज सकाळी काम सुरू होण्यापूर्वी ते पिंजणापाशी येतात, पाइपच्या तोंडाशी पुंजका धरतात, तो गेला की मान हलवून परत जातात. नळीतले पाणी ते पाहत नाहीत. जळालेली मोटार कोपऱ्यात पडून आहे. रिवाइंडिंगवाल्याने भाव सांगितला आहे, मी अजून हो म्हटलेले नाही.